बुटाखालचा खिळा आणि 'काय करतो' या दोन शब्दांचं भांडण

 

आजची गोष्ट बुटांपासून सुरू होते. ४ जुलै १९५४. स्वित्झर्लंडमधलं बर्न शहर, फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल आणि धो धो पाऊस. एका बाजूला हंगेरी, त्या काळची सगळ्यात भारी टीम. याच स्पर्धेत गटातल्या सामन्यात त्यांनी पश्चिम जर्मनीला ८-३ असं धुतलं होतं. फायनलमध्येही पहिल्या काही मिनिटांत हंगेरी २-० ने पुढे. आणि शेवटी स्कोअर काय? जर्मनी ३, हंगेरी २.

या विजयाची जी दंतकथा झाली तिच्यात एक पात्र आहे बूट. आदिदासचे संस्थापक आदी डासलर यांनी जर्मन खेळाडूंना असे बूट दिले होते ज्यांच्या तळाचे खिळे फिरवून काढता आणि बदलता येत. मैदान चिखलाचं झालं की आखूड खिळे काढायचे, लांब बसवायचे. सामना बुटांनी जिंकला असं मी म्हणणार नाही, पाय शेवटी खेळाडूंचेच होते. शिवाय असे खिळे आधी कोणी केले यावरून आदींचे सख्खे भाऊ रुडॉल्फ, म्हणजे प्यूमावाले, यांच्या बाजूनेही दावे झालेच. भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडेच असते?

आता या खिळ्याला आपल्याकडे मैदानावर 'स्पाइक' किंवा 'स्टड' म्हणतात. कोल्हापुरात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना स्टड म्हणजे काय हे सांगायला नको. अमेरिकेत याला 'क्लीट' म्हणतात. आजच्या भागात मी तोच शब्द वापरणार आहे, कारण गोष्ट अमेरिकेतली आहे आणि ती मैदानापेक्षा कोर्टात जास्त घडते.

तर आता फुटबॉल सोडा, गोल्फकडे या. गोल्फच्या बुटांना पूर्वी धातूचे टोकदार खिळे असायचे. पकड मस्त, पण ज्या हिरवळीवर चेंडू अलगद घरंगळत जायला हवा तिची चाळण. त्यात हिवाळ्यात गवत आधीच अर्धमेलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या दोन माणसांनी, अर्नी डीकन आणि फॅरिस मॅकमुलिन यांनी, हिवाळ्यात खेळण्यासाठी प्लास्टिकची क्लीट बनवली. पुढे 'सॉफ्टस्पाइक्स' या नावाने ती गाजली. काही वर्षांत एकेका गोल्फ क्लबने धातूच्या खिळ्यांवर बंदी घातली आणि हिवाळ्यापुरती वस्तू बारमाही झाली. मग स्पर्धा आली. कोणी प्लास्टिकला उंचवटे दिले, कोणी कोळ्यासारखे लवचिक पाय. माणसाचं वजन पडलं की हे पाय बाहेरच्या बाजूला वाकतात आणि गवताच्या काड्या धरतात. वजन उचललं की पाय जागेवर आणि गवत मोकळं. टोचायचं नाही, धरायचं.

कल्पना छान आहे ना? आता तुम्ही स्वतःला त्या संशोधकाच्या जागी ठेवा. पेटंट घ्यायचंय. पेटंटच्या कागदाचे ढोबळमानाने दोन भाग असतात. एक वर्णन. त्यात चित्रं, आकृत्या, वस्तू कशी बनवायची, कशी चालते हे सगळं. आणि शेवटी येतात 'क्लेम', म्हणजे दावे. सातबाऱ्यावर जमिनीच्या चतुःसीमा असतात तसं समजा. माझी हद्द इथून इथपर्यंत, याच्या आत पाऊल टाकलंत तर कोर्टात भेटू. वर्णनात तुम्ही कितीही पानं लिहा, भांडण होतं ते क्लेमच्या एकेका शब्दावर.

आणि इथेच आपला संशोधक अडकतो. क्लेम कसा लिहायचा?

एक मार्ग म्हणजे वस्तू जशी आहे तशी लिहा. 'गोल चकती, तिच्या कडेला आठ लवचिक पाय, प्रत्येक पाय अमुक कोनात.' स्वच्छ, स्पष्ट. पण दुसऱ्या दिवशी शेजारचा कारखानदार सात पायांची क्लीट काढेल आणि म्हणेल, 'आठ कुठेत? मोजून घ्या.'

दुसरा मार्ग म्हणजे वस्तू काय करते ते लिहा. 'बुटाच्या तळाला लावलेली, वजन पडल्यावर गवत धरेल आणि हिरवळीला इजा करणार नाही अशी क्लीट.' आता सात पाय काय नि सत्तर काय, सगळे आत. पण याचा अर्थ असा की तुम्ही एक क्लीट बनवलीत आणि मालकी मागताय गवत धरण्याच्या प्रत्येक युक्तीवर, उद्या जन्माला येणाऱ्या युक्त्यांसकट. हे दुसऱ्या प्रकारचं लिहिणं म्हणजे फंक्शनल भाषा, कार्यावरून केलेला दावा. आणि यावर अमेरिकेची कोर्टं पावणेदोनशे वर्षं भांडतायत.

पहिला मोठा बळी कोण माहितीये? सॅम्युएल मोर्स. हो, तोच कड-कट्टवाला. १८४४च्या मे महिन्यात त्याने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश पाठवून दाखवला. त्याच्या पेटंटमधला आठवा दावा साधारण असा होता: यंत्राचे जे भाग मी वर्णन केलेत त्यांच्यापुरतं मी स्वतःला बांधून घेत नाही. विजेच्या जोरावर कितीही अंतरावर अक्षरं किंवा खुणा उमटवणं, मग ते कोणत्याही तऱ्हेने होवो, ते माझं. निकाल आला १८५४ मध्ये. सरन्यायाधीश टॅनी यांच्या सुप्रीम कोर्टाने मोर्सचे बाकीचे दावे मान्य केले आणि हा आठवा उडवला. कारण सरळ होतं. उद्या कोणी मोर्सच्या यंत्रातला एकही भाग न वापरता, आणखी सोपी, स्वस्त रीत शोधली तर? त्यानेही मोर्सकडे परवानगी मागत बसायचं?

विचार करा, तो दावा टिकला असता तर तारेनंतर जे जे काही आलं त्यातलं किती त्या एका वाक्यात सापडलं असतं.

पुढची दोन प्रकरणं झटपट सांगतो, कारण मला तेलाच्या विहिरीकडे जायचंय. १९२८ चं एक प्रकरण डिंकाचं. लाकडी फर्निचर चिकटवायला प्राण्यांच्या हाडाकातड्याचा सरस वापरत. पर्किन्स नावाच्या माणसाने टॅपिओकाच्या, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याच्या स्टार्चपासून तितकाच चांगला सरस केला. इथवर शाबास. पण एका दाव्यात त्याने लिहिलं की प्राण्यांच्या सरसासारखे गुण असलेला स्टार्चचा कोणताही सरस माझा. सुप्रीम कोर्ट म्हणालं, नाही. तुम्ही एक रीत शोधलीत, गुण शोधला नाहीत. दुसरं १९३८ चं, जनरल इलेक्ट्रिकच्या बल्बचं. बल्बमधली टंगस्टनची तार तापून तापून खाली झोळते. कंपनीचा दावा होता अशा तारेवर जिच्यातले कण 'तार झोळणार नाही इतक्या आकाराचे आणि घडणीचे' आहेत. आता आकार किती? तर झोळणार नाही इतका. घडण कशी? झोळणार नाही तशी. म्हणजे परीक्षेत 'उत्तर काय' विचारल्यावर 'बरोबर असेल ते' लिहिल्यासारखं. तोही दावा गेला. जिथे तुमचं नवेपण आहे नेमकं तिथेच तुम्ही सोयीस्कर मोघम भाषा वापरताय, हा कोर्टाचा मुख्य राग होता.

आणि आता तेलाची विहीर. हे माझं सगळ्यात आवडतं प्रकरण आहे.

खोल विहिरीत तेलाची पातळी किती खाली आहे हे कसं मोजायचं? दोरी सोडून जमत नाही, आत नळ्या आणि अडथळे असतात. मग युक्ती अशी की वरून दाबाचा, म्हणजे आवाजाचा धक्का सोडायचा आणि तेलावर आपटून येणाऱ्या प्रतिध्वनीची वेळ मोजायची. पण विहिरीतल्या वायूत आवाजाचा वेग ठरलेला नसतो, त्यामुळे नुसत्या वेळेवरून खोली चुकते. क्रॅनफर्ड वॉकर नावाच्या माणसाने यावर सुंदर इलाज काढला. विहिरीतली नळी एकसंध नसते. ठरलेल्या लांबीचे तुकडे जोडलेले असतात आणि प्रत्येक जोडावरून बारीकसा प्रतिध्वनी परत येतो. ते जोड मोजले की खोली कळली. आगगाडीत बसून खांब मोजत अंतर काढावं तसं. असे प्रतिध्वनी येतात हे आधीच्या लोकांनाही माहीत होतं, पण ते ओळखू येतील इतके स्पष्ट नव्हते. वॉकरने यंत्राला एक नळी जोडली, तिची लांबी दोन जोडांमधल्या अंतराच्या एक तृतीयांश. बासरीत ठरावीक सूर घुमतो तसा त्या नळीत फक्त जोडांचा प्रतिध्वनी घुमायचा. बाकी गोंगाट मागे पडायचा.

दाव्यात मात्र त्याने 'एक तृतीयांश लांबीची नळी' असं लिहिलं नाही. लिहिलं ते साधारण असं: विहिरीतले दाबाचे धक्के घेऊन ते जोडांच्या प्रतिध्वनीच्या वारंवारतेशी जुळवण्याचं साधन. 'साधन'. इंग्रजीत ज्याला 'मीन्स' म्हणतात तो शब्द. कसलं साधन? जुळवणारं.

हॅलिबर्टन या तेलविहिरींच्या कंपनीने जोडांचे प्रतिध्वनी वेगळे काढायला नळी वापरली नाही, इलेक्ट्रिक फिल्टर वापरला. वॉकर म्हणाला, तोही जुळवणारं साधनच की! खालच्या दोन्ही कोर्टांनी वॉकरच्या बाजूने कौल दिला. १९४६ मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि न्यायमूर्ती ब्लॅक यांनी दावाच रद्द ठरवला. जुन्या यंत्रात एक नवा भाग घालायचा आणि त्या नव्या भागाचं वर्णन फक्त 'तो काय करतो' एवढंच करायचं, हे चालणार नाही. ते काम करणारी आजवर झालेली आणि पुढे होणारी प्रत्येक वस्तू त्यात येते, आणि इतक्या मोघम दाव्याच्या धाकाने दुसरा कोणी प्रयोगच करणार नाही.

मला विचाराल तर यात वॉकरबद्दल वाईट वाटतं. त्याने खरंच डोकं लावलं होतं. नळीऐवजी फिल्टर टाकून कोणी तीच कल्पना उचलली, तर त्याला काहीच मिळू नये? वकिलांनाही असंच वाटलं, आणि त्यांचं वाटणं जरा जोरात ऐकू जातं. पेटंट लिहिणाऱ्यांची अर्धी भाषाच या निकालाने बेकायदा झाल्यासारखी होती.

म्हणून १९५२ साली अमेरिकेने पेटंटचा नवा कायदा केला तेव्हा त्यातल्या कलम ११२ मध्ये एक तोडगा घातला. तोडगा असा की अनेक भागांच्या वस्तूवरच्या दाव्यात 'अमुक करणारं साधन' असं लिहा, परवानगी आहे. पण मग त्या शब्दाचा अर्थ 'अमुक करणारं जगातलं कुठलंही साधन' असा घेतला जाणार नाही. तुम्ही वर्णनात जी वस्तू दाखवली असेल ती आणि तिच्या तोडीच्या वस्तू, एवढंच.

आपल्या क्लीटवर लावून बघा. दाव्यात 'गवत धरणारं साधन' लिहिलंत, तर न्यायाधीश दावा वाचून थांबणार नाही. तो पानं उलटत मागे वर्णनात जाणार. तिथे आठ लवचिक प्लास्टिकचे पाय दिसले, तर तुमच्या 'साधना'चा अर्थ तेच पाय आणि त्यांच्या तोडीचं काही. सात पाय? बहुधा आत. ब्रशसारखे केस? भांडा. खाली चिकट रबर? अवघड आहे. म्हणजे दावा वाचायला रुंद दिसतो आणि कोर्टात अरुंद होतो.

आता कोणीतरी हुशार म्हणणार, मग 'साधन' हा शब्दच टाळू ना. बरोब्बर, तेच झालं. आणि त्यातून पुढचा प्रश्न आला: 'साधन' न लिहिताही एखादा शब्द मुळात कार्यावरूनच आलेला असेल तर?

१९९६ साली एका शस्त्रक्रियेच्या उपकरणाचा खटला पेटंटच्या अपील कोर्टात, म्हणजे फेडरल सर्किटमध्ये आला. दाव्यात 'डिटेंट मेकॅनिझम' असे शब्द होते. डिटेंट म्हणजे फिरणारा भाग ठरलेल्या जागी खट्टकन थांबवणारी अडकण. प्रतिवादी म्हणाले, हे तर 'अडकवणारं साधन' असंच झालं, चला वर्णनाकडे. कोर्ट म्हणालं, थांबा. कितीतरी वस्तूंची नावंच त्यांच्या कामावरून पडलेली असतात. फिल्टर, ब्रेक, स्क्रूड्रायव्हर, कुलूप.

मराठीत तर हे किती सोपंय बघा. किसते ती किसणी. गाळतं ते गाळणं. झाकतं ते झाकण. पकडते ती पकड. पण 'किसणी आण' म्हटल्यावर घरात कोणी सुरी घेऊन येत नाही. नाव कामावरून पडलं असलं तरी डोळ्यासमोर वस्तू उभी राहते. कोर्टाची कसोटी थोडक्यात हीच: त्या धंद्यातल्या माणसाला शब्द ऐकून वस्तू दिसते का? दिसत असेल तर तो शब्द वस्तूचा. 'क्लीट' म्हटलं की बूटवाल्याला वस्तू दिसते. 'गवत-धारण घटक' म्हटलं की काहीच दिसत नाही.

या 'घटक' छापाच्या शब्दांचा हिशोब २०१५ मध्ये झाला, विल्यमसन विरुद्ध सिट्रिक्स या प्रकरणात. ते सॉफ्टवेअरचं होतं, ऑनलाइन वर्ग भरवण्याबद्दल. दाव्यात 'मॉड्यूल' हा शब्द होता. कोर्ट म्हणालं, इथे 'मॉड्यूल' म्हणजे 'साधन'च, फक्त कपडे बदललेत. 'मीन्स' शब्द नसेल तर दावा या कलमाखाली येत नाही असं कोर्ट आधी फार ठामपणे धरून चालायचं, तो ठामपणा या निकालात सुटला.

इथपर्यंत आपण हद्द किती मोठी एवढंच बघितलं. पण क्लीटवाल्याला त्याहून आधीची धास्ती असते: पेटंट मिळेल का? कारण वस्तू नवी हवी. आणि इथे फंक्शनल भाषा उलटी अंगावर येते.

१९९७ चं श्रायबर प्रकरण. श्रायबरचा दावा होता पॉपकॉर्नच्या डब्यावर बसवायच्या शंकूच्या आकाराच्या टोपणावर. डबा उलटा करून हलवला की एका वेळी थोडेच दाणे बाहेर यावेत असं ते टोपण. पेटंट ऑफिसच्या परीक्षकाने काय काढलं? एक जुनं स्विस पेटंट, तेलाच्या कॅनच्या तोटीचं. आकार तोच, शंकू. श्रायबर म्हणाला, अहो ते तेलासाठी आहे, त्यात पॉपकॉर्नचं नावही नाही! कोर्टाचं बहुमत परीक्षकाच्या बाजूने गेलं. तुमची वस्तू आणि जुनी वस्तू आकाराने एकच असेल, तर जुनीतूनही पॉपकॉर्न तसेच पडतील. पडत नाहीत हे दाखवायची जबाबदारी तुमची. जुन्या वस्तूचं नवं काम सांगितल्याने वस्तू नवी होत नाही. एका न्यायाधीशांनी, पॉलीन न्यूमन यांनी, विरोधी मत नोंदवलं.

म्हणजे क्लीटवाल्याने 'गवत धरू शकेल असे पाय' लिहिलं, आणि परीक्षकाला कुठल्यातरी जुन्या बुटाखाली वाकणारे रबरी पाय सापडले, मग ते बर्फासाठी असोत नाहीतर जहाजाच्या डेकसाठी, तर तो म्हणणार, हे पायही गवत धरूच शकतात. खेळ खल्लास.

की नाही? कारण २०१४ मध्ये याच कोर्टात एक व्यायामाचं यंत्र आलं. जियानेल्ली नावाच्या अर्जदाराचं रोइंग मशीन होतं, वल्ही मारतात तसं हँडल स्वतःकडे ओढायचं. परीक्षकाने पुढे केलं जुनं चेस्ट प्रेस मशीन. जिममध्ये बघितलं असेल, त्यात हँडल छातीपासून पुढे ढकलायचं असतं. पेटंट ऑफिसचं म्हणणं, कोणी उलटं वळून बसलं तर ते हँडल ओढताही येईल, म्हणजे तुमचं यंत्र जुनंच. दाव्यात शब्द होता 'ओढून हलवण्यासाठी जुळवलेलं' हँडल. कोर्ट म्हणालं, 'जुळवलेलं' म्हणजे त्या कामासाठी घडवलेलं. ते काम कसंबसं करू शकणारं असा त्याचा अर्थ इथे होत नाही. ढकलण्यासाठी बनवलेलं हँडल ओढता येतं म्हणून ते ओढण्यासाठी बनवलेलं होत नाही. अर्जदार जिंकला.

'करू शकेल असा' आणि 'करण्यासाठी घडवलेला'. मराठीत बोलताना आपण हे दोन सर्रास एकाच अर्थाने वापरतो. स्क्रूड्रायव्हरने रंगाच्या डब्याचं झाकण उघडता येतं, पण तो त्यासाठी घडवलेला नसतो. पहिला शब्द लिहिलात तर जुन्या बुटांचा अख्खा ढीग तुमच्यावर कोसळू शकतो. दुसरा लिहिलात तर त्यातले बरेच बूट बाजूला राहतात, पण मग वर्णनात दाखवावं लागतं की पायाची जाडी, त्याचा कोन, प्लास्टिकचा मऊपणा हे सगळं गवत धरण्याच्याच हिशोबाने ठरवलंय. आणि उद्या कोणावर दावा ठोकलात, तर समोरचाही तेच विचारणार: माझी क्लीट गवत धरायला घडवलीय हे दाखवा, चुकून धरते एवढं पुरणार नाही.

पेटंट लिहिणारी माणसं म्हणूनच सहसा एकच दावा लिहून थांबत नाहीत. पहिला दावा रुंद, 'वाकून गवत धरण्यासाठी घडवलेले अनेक पाय'. दुसरा त्याच्या आत, 'पहिल्या दाव्यातली क्लीट, पाय किमान सहा'. तिसरा आणखी आत, पायाच्या कोनासकट. बाहेरचं कुंपण मोडलं तर आतलं उभं राहावं म्हणून.

पुढच्या वेळी बुटांच्या दुकानात गेलात की बूट उलटा करून तळ बघा. काही कंपन्या तिथेच, खिळ्यांच्या मधे, बारीक अक्षरात पेटंटचा नंबर छापतात. तो गूगल पेटंट्सवर टाका, चित्रं सोडून थेट शेवटी जा आणि पहिला क्लेम वाचा. 'जेणेकरून', 'यासाठी घडवलेला' अशा अर्थाचे शब्द कुठे बसवलेत ते शोधा, आणि सापडलं तर स्क्रीनशॉट काढून आम्हाला पाठवा.